सुमिदा होकुसाई संग्रहालय: मूळ छापे पाहायचे असतील तर

जपानी चित्रकार कात्सुशिका होकुसाई (१७६०–१८४९) ज्या सुमिदा परिसरात जन्मला आणि जिथे त्याचे बहुतेक आयुष्य गेले, तिथेच, टोकियोच्या र्‍योगोकू स्थानकाजवळ, २०१६ मध्ये हे संग्रहालय सुरू झाले. काझुयो सेजिमा यांनी रचलेली फिकट ॲल्युमिनियमची इमारत बाहेरून देखणी आहे, पण खरे मोल आतल्या मांडणीत आहे.

कायमस्वरूपी दालनात मुख्यतः उच्च दर्जाच्या प्रतिकृतीच लावलेल्या आहेत, याची कल्पना आधी असावी. लाकडी ठशांवरून छापलेल्या चित्रांचे नाजूक रंग प्रकाशाने उडतात, म्हणून मूळ छापे थोड्या काळासाठी, विशेष प्रदर्शनांतच बाहेर काढले जातात. हा निर्णय मला पूर्णपणे योग्य वाटतो, तरी होकुसाईच्या ‘कानागावाची महालाट’ या चित्रातील ‘प्रशियन निळा’ या गडद रंगाची गहिराई कागदाच्या पोतासह अनुभवायची असेल, तर विशेष प्रदर्शनाची माहिती घेऊन मगच तारीख ठरवावी आणि त्याचे वेगळे तिकीट अवश्य काढावे.

सर्वाधिक वेळ द्यावा तो वृद्ध होकुसाईच्या बिऱ्हाडाच्या देखाव्याला. पांघरूण ओढून, जमिनीवर वाकून तो चित्र काढतो आहे आणि शेजारी त्याची मुलगी ओइ बसली आहे. ती स्वतः समर्थ चित्रकार होती. तिच्याविषयी इथे आणखी बरेच सांगायला हवे होते.

दालने लहान आहेत, त्यामुळे गर्दी टाळण्यासाठी सकाळीच जावे.