रविवारचा इतिहासवर्ग, पूर्व भाग, सोलापूर : पाचपैकी चार तारे

सातवीतल्या मुलीला उन्हाळी सुट्टीत इथं घातलं ते खरं तर मोबाइल सुटावा म्हणून. चार रविवार, विषय एकच : १९३० चा सोलापूरचा मार्शल लॉ, म्हणजे इंग्रजांनी शहरात लावलेली लष्करी राजवट.

पहिल्या दिवशी मॅडमनी काही शिकवलंच नाही. मुलांना चार हुतात्मा चौकात नेलं, चौघांची नावं वहीत लिहायला लावली : मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. फाशी कधी, कुठे झाली ते शोधा आणि कुठून कळलं तेही लिहा, एवढाच गृहपाठ. १२ जानेवारी १९३१, येरवडा, हे सगळ्यांनी आणलं. 'कुठून कळलं'पुढे मात्र निम्म्यांनी 'गूगल' लिहिलेलं. मॅडम म्हणाल्या, "गूगल म्हणजे दुकान की रे. चादर कुणाच्या मागावर विणली ते सांगा!" हे सोलापूरच्या पोरांना लगेच कळलं.

पुढचा गृहपाठ घरच्या म्हाताऱ्यांना विचारण्याचा. आमच्या मामंजींनी मे १९३० मधला इंग्रजांचा गोळीबार डोळ्यांनी पाहिल्यासारखा सांगितला. पोरीनं विचारलं, "आजोबा, तुमचा जन्म कधीचा?" एकोणचाळीसचा. तिनं वहीत लिहिलं : 'ऐकीव, पणजोबांकडून.' मामंजी रात्रीच्या जेवणापर्यंत बोलले नाहीत. पण मॅडमनी तेच पान वाचून दाखवलं. ऐकीव म्हणजे खोटं नव्हे, फक्त तसं नोंदवायचं, म्हणाल्या.

एक तारा कापला तो उकाड्यासाठी. मे महिन्यात वीस पोरांना एक पंखा, तोही खडखडणारा. जुन्या कागदांच्या झेरॉक्सही इतक्या फिक्या की वाचता येईनात.

आता घरच्या ग्रुपवर काही आलं की ही पहिलं विचारते, "कुणी लिहिलंय?" धाकट्या जाऊबाईंनी ग्रुप सोडलाय.