लाल कोबीचा स्लॉ की ओलं खोबरं घातलेली कोबीची भाजी?

आधी निकाल सांगते, मग कारणं. रोजच्या आमटी-भाताला हिरव्या कोबीची ओलं खोबरं घातलेली भाजीच करावी. तळलेल्या बांगड्याशेजारी किंवा पाहुण्यांच्या ताटात मात्र लाल कोबीचा स्लॉ, म्हणजे बारीक चिरलेल्या कच्च्या कोबीची कोशिंबीर, तिच्यावर मात करतो. अट एकच, त्यात मेयोनीज नको. आणि घाईच्या दिवशी दोघांच्या मधली पचडी आहेच.

बाजारापासून सुरुवात करू. कोबी कोकण किनारपट्टीवर फारसा होत नाही, आपल्याकडे तो कोल्हापूर-बेळगावकडून घाट उतरून येतो. हिरवा गड्डा कुडाळ-कणकवलीत बारमाही मिळतो. लाल मिळेल तेव्हा घ्यायचा, नि तोही महाग. पण लाल गड्डा आकाराच्या मानाने जड आणि घट्ट असतो, त्यामुळे टिकतो जास्त. अर्धा कापून फ्रिजमध्ये ठेवला तरी आठवडाभर फारसा सुकत नाही. दोन-तीन माणसांच्या घराला हा हिशेब परवडतो. घेताना दांड्याची कापलेली बाजू बघा, काळी पडलेली नको.

स्लॉची सगळी मदार चिरण्यावर. लाल कोबीचं पान जाड आणि कडक असतं, रुंद काप पडले तर चावता चावता जबडा दुखतो. गड्ड्याचे चार भाग करून मधला पांढरा दांडा काढा आणि विळीवर (आडाळ्यावर म्हणा हवं तर) सुतासारखा बारीक चिरा. किसणी नको. किसला की लगदा होतो, जांभळं पाणी सुटतं आणि स्लॉऐवजी चटणी हाती येते. अर्धा किलोला सपाट चमचाभर मीठ लावून हाताने हलकेच चुरा नि वीस मिनिटं झाकून ठेवा. मिठाने पानातलं पाणी बाहेर येतं, पान नरमतं पण कुरकुरीतपणा जात नाही. ते पाणी पिळून टाका. ही पायरी गाळली तर तेच पाणी ताटात सुटतं आणि शेजारचा भात जांभळा होतो.

आता त्यावर दोन चमचे कोकमाचं आगळ (कोकमाचा खारवलेला घट्ट रस) घाला नि बघा. निळसर जांभळा कोबी हात फिरवता फिरवता लालगुलाबी व्हायला लागतो. लाल कोबीत अँथोसायनिन नावाचं रंगद्रव्य असतं. आंबट लागलं की ते लाल होतं, खार लागला की निळं-हिरवं. कोकमाचा रंगही त्याच जातीच्या द्रव्याचा, म्हणून दोघांचं इतकं जमतं. आगळात मीठ असतंच, तेव्हा वरून मीठ चाखल्याशिवाय घालू नका. चिमटीभर साखर, ठेचलेली हिरवी मिरची, थोडं आलं, कोथिंबीर, वर भाजलेल्या काजूचे तुकडे. तेल घालायचं तर शेंगदाण्याचं. खोबरेल तेल चवीला छान, पण ते साधारण २४ अंशांखाली गोठतं, स्लॉ फ्रिजमध्ये गेला की पांढरे कण दाताखाली येतात.

आगळ नसेल तर लिंबू, तेही नसेल तर व्हिनेगर. व्हिनेगरचा आंबटपणा नाकात जातो, आगळाचा जिभेवर राहतो, एवढाच फरक. मेयोनीजबद्दल माझं मत कडक आहे. हॉटेलातला तो पांढरा स्लॉ बर्गरसोबत ठीक, पण आधीच तेलात तळलेल्या सुरमईच्या तुकडीशेजारी आणखी तेलकट पदार्थ कशाला? शिवाय पावसात आपल्याकडे दिवस दिवस वीज जाते. फ्रिज बंद पडला की अंड्याचं मेयोनीज घातलेला स्लॉ ठेवायची सोय नाही. आगळातला स्लॉ दुसऱ्या दिवशीही चांगला लागतो, किंबहुना जास्त मुरलेला.

पचडीचं काम झटपट आहे. हिरवा कोबी बारीक चिरायचा, लिंबू पिळायचं, दाण्याचं कूट किंवा खोबऱ्याचा चव घालायचा, वर हिंग-मोहरी-मिरचीची फोडणी. मीठ अगदी पानं घेताना लावा, नाहीतर खाली तळं साचतं. ती त्याच जेवणात संपवायची, दुपारची रात्रीला ठेवली की मिळमिळीत होते. शिवाय ओलं खोबरं आपल्या दमट हवेत लगेच वास मारायला लागतं.

भाजीत कौशल्य आहे ते कमी शिजवण्यात. मूठभर हरभऱ्याची डाळ तासभर आधी भिजत घाला. तेलात मोहरी, हिंग, कढीपत्ता, मिरची, हळद, मग डाळ, मग कोबी. पाणी अजिबात नको, मीठ घालून झाकण ठेवलं की त्याच्या अंगच्या पाण्यात सात-आठ मिनिटांत शिजतो. जास्त वेळ ठेवलात तर गंधकाचा तो वास घरभर फिरतो, ज्याच्यामुळे मुलं कोबी बघून नाक मुरडतात. खोबरं गॅस बंद करताना. पोट हळवं असणाऱ्या माणसाने रात्री हीच खावी, कच्चा कोबी वायू धरतो.

लाल कोबीची भाजी करावी का? खाता येते, बघवत नाही. आंबटाशिवाय शिजवली की रंग निळसर राखाडी होतो, त्यात हळद मिसळते आणि पांढरंशुभ्र खोबरंही जांभळट होतं. करायचीच झाली तर हळद वगळून सुरुवातीलाच दोन आमसुलं टाका, रंग बराच वाचतो. उलट हिरव्या कोबीचा स्लॉ चवीला काही वाईट नाही, फक्त ताटात उठून दिसत नाही.

सत्त्वाचं बघायचं तर कच्च्या लाल कोबीत १०० ग्रॅममागे साधारण ५७ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं, हिरव्यात साधारण ३७. शिजवलं की ते आणखी घटतं. पण केवळ त्यासाठी दुप्पट पैसे मोजावेत असं मला वाटत नाही.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि मग श्रावण लागतो, तेव्हा ताटाचा भार भाजीवरच येतो. त्या दिवसांत स्लॉ एकटा पुरत नाही, भाजी लागतेच. कच्चं खायचं असेल तर पावसाळ्यात गड्ड्याची वरची दोन-तीन पानं काढून टाका आणि चिरण्याआधी गड्ड्याचे चार भाग करून धुवा, चिरल्यावर नाही. नारळी पौर्णिमेनंतर बांगडा-सुरमई परत ताटात आली की स्लॉचे दिवस.

आणि स्लॉ उरलाच तर घट्ट पिळून बेसन, ओवा, तिखट घालून भजी तळा. सोडा मात्र टाकू नका, भजी आतून हिरवीनिळी होतात आणि कोण खात नाही.