रोजा, उपवास आणि कॉफीचे तीन पेले : विद्यापीठातील आंतरराष्ट्रीय महोत्सवाविषयी

पुण्यातील एका विद्यापीठाच्या परिसरात मार्चच्या दुसऱ्या शनिवारी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी महोत्सव भरला होता. सकाळी अकरा वाजता प्रवेशद्वार उघडले तेव्हापासून ते दिवेलागणीनंतर मांडव उतरवायला सुरुवात होईपर्यंत मी तिथे होते. प्रवेशाला ५० रुपये आणि खाण्यासाठी २० रुपयांची कूपने अशी व्यवस्था होती. महोत्सवात पाहण्यासारखे, खाण्यासारखे आणि ऐकण्यासारखे पुष्कळ होते, आणि तरीही आयोजनातील काही त्रुटी इतक्या मूलभूत होत्या की त्या स्पष्टपणे लिहिल्याच पाहिजेत असे मला वाटते.

परदेशी विद्यार्थी हा पुण्याला नवा विषय नाही. फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणारे डॉ. शां. ब. मुजुमदार वसतिगृहाचे रेक्टर असताना, कावीळ झालेल्या मॉरिशसच्या एका विद्यार्थ्याला एक मुलगी खिडकीतून जेवण देत असल्याचे त्यांनी पाहिले, आणि परक्या देशात आजारी पडलेल्या त्या मुलाच्या एकटेपणातून १९७१ साली ‘सिंबायोसिस’ उभी राहिली, ही हकीकत त्यांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे. संस्थेचे नावही वनस्पतिशास्त्रातूनच आलेले, सहजीवन या अर्थाचे. मला ही हकीकत मोलाची वाटते ती त्यातल्या जेवणामुळे. आपल्या गावात एकट्या पडलेल्या मुलाने आज काय खाल्ले, हा प्रश्न ज्याला पडतो त्याला बाकीचे फारसे शिकवावे लागत नाही. या महोत्सवाकडेही मी त्याच नजरेने पाहिले.

सुरुवात सुदानच्या स्टॉलपासून केली. तिथे मऊ शिजवलेल्या घेवड्यासारख्या दाण्यांचे ‘फूल’ होते, आणि त्याशेजारी ‘सलाता अस्वद’ नावाचा काळसर पदार्थ एका मोठ्या पातेल्यात होता. तळलेली वांगी ठेचून, त्यात लिंबू, लसूण आणि शेंगदाण्याची बारीक वाटलेली चटणी घालून तो करतात. आपल्याकडे भरल्या वांग्यात शेंगदाण्याचे कूट घालणाऱ्या कोणालाही तो पहिल्या घासाला ओळखीचा वाटेल. वाढणाऱ्या मुलाने द्रोण माझ्या हातात दिला आणि मी घास घेण्याआधीच विचारले, “काकू, मीठ बरोबर आहे का, सांगाल? माझा रोजा आहे, मला चाखता येत नाही.” मेस चालवणाऱ्या बाईंना काकू म्हणायची सवय असल्यामुळे तो सगळ्याच बायकांना काकू म्हणत होता. मीठ किंचित कमी होते. मी तसे सांगितल्यावर त्याने चिमूटभर मीठ घालून पातेले ढवळले आणि पुन्हा थोडेसे माझ्या द्रोणात वाढले. पहाटे तीनला उठून, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात चार तास उभे राहून त्याने आणि त्याच्या दोन मित्रांनी हे सगळे रांधले होते, आणि स्वतः पाण्याचा थेंबही न घेता ते दिवसभर उन्हात लोकांना वाढत होते. त्याच्या देशात एप्रिल २०२३ पासून युद्ध पेटलेले आहे, त्यामुळे शिक्षणासाठी बाहेर पडलेल्या अनेकांना परत जाण्याचा मार्ग राहिलेला नाही. हे त्याने मी विचारले म्हणून दोन वाक्यांत सांगितले आणि पुढच्या माणसाचे कूपन घेतले.

माझा पहिला आणि सर्वांत गंभीर आक्षेप इथे आहे. ज्या महोत्सवाचा निम्म्याहून अधिक भार खाद्यपदार्थांवर आहे, आणि ज्यात सुदान, येमेन, अफगाणिस्तान, बांगलादेश अशा देशांचे विद्यार्थी स्टॉल लावणार आहेत, त्याची तारीख रमजानच्या महिन्यात कशी काय ठरते? दिनदर्शिका घराघरांत भिंतीवर टांगलेली असते आणि तिच्यात रमजान, नाताळ, पतेती सारे काही छापलेले असते. एका स्वयंसेवक मुलीला मी हे विचारले, तेव्हा तिने प्रामाणिकपणे सांगितले की सभागृह आणि मैदान त्याच दिवशी एकत्र मोकळे होते. अडचण खरी असेल, परंतु तारीख ठरवणाऱ्या बैठकीत यांपैकी एका जरी देशाचा विद्यार्थी बसलेला असता तर ही गोष्ट पहिल्या पाच मिनिटांत बोलली गेली असती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने परदेशी विद्यार्थी असलेल्या प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत त्यांच्यासाठी स्वतंत्र कार्यालय असावे असे म्हटले आहे. अशा कार्यालयाचे काम व्हिसाच्या कागदपत्रांपाशी थांबता कामा नये, निदान तारखेबाबत त्याचा सल्ला घेतला गेला पाहिजे.

इथिओपियाच्या स्टॉलवर तर दुसराच उपवास चालू होता. तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथात ईस्टरपूर्वीचा उपवास ५५ दिवसांचा असतो आणि त्या काळात मांस, दूध, तूप, अंडी काहीही चालत नाही. त्यामुळे तिथे फक्त उपवासाचे पदार्थ होते, म्हणजे मसूर डाळीचे तिखट कालवण, हरभऱ्याच्या पिठाचे पिठल्यासारखे ‘शिरो’ आणि त्याखाली टेफ या तिकडच्या बारीक धान्याच्या आंबवलेल्या पिठाची, जाळीदार, आंबोळीची थोरली बहीण शोभावी अशी ‘इंजेरा’. टेफ पुण्यात सहज मिळत नसल्यामुळे घरून आलेल्या पिठात तांदळाचे पीठ मिसळल्याचे त्यांनी सांगितले, पण आंबटपणा अगदी नेमका होता. शाकाहारी पुणेकरांना या सबंध मैदानात सर्वांत निर्धास्तपणे जेवता येईल अशी ही जागा होती, आणि तरीही निम्मे लोक “इथे नॉनव्हेज असेल” असे म्हणत पुढे जात होते, कारण स्टॉलवर देशाचे नाव आणि झेंडा यांपलीकडे एकही ओळ लिहिलेली नव्हती. एकादशीला साबुदाणा आणि वरी खाणाऱ्या माणसाला ‘हा त्यांचा उपवासाचा फराळ आहे’ एवढे मराठीत लिहिलेले दिसले असते, तर तो नक्की थांबला असता.

मी मात्र तिथे तासभर बसले, कारण कॉफी सावकाश होते. एका मुलीने लहानशा शेगडीवर कच्च्या बिया भाजल्या, धूर निघू लागल्यावर तवा हातात घेऊन तो प्रत्येकाच्या नाकाजवळून फिरवला, मग बिया कुटल्या आणि ‘जबेना’ नावाच्या, बारीक मानेच्या काळ्या मातीच्या भांड्यात कॉफी उकळली. एकाच पुडीवर तीनदा पाणी घालून तीन फेऱ्या होतात. पहिली सर्वांत कडक, तिला ‘अबोल’ म्हणतात, दुसरी ‘तोना’ आणि तिसरी, सर्वांत फिकी, ती ‘बरका’, म्हणजे आशीर्वाद. तिसरा पेला न घेता उठणे बरे मानत नाहीत. ‘अबोल’ या शब्दाचा मराठी अर्थ मी त्या मुलीला सांगितला तेव्हा तिने तो आपल्या वहीत लिहून घेतला आणि म्हणाली की पहिल्या पेल्याला खरोखरच कोणी फारसे बोलत नाही.

इराणच्या विद्यार्थ्यांनी खाद्यपदार्थ ठेवले नव्हते. त्यांनी नवरोजचे, म्हणजे इराणी नववर्षाचे, ‘हफ्त-सीन’ मांडले होते. पाडवा अवघ्या पाच दिवसांवर होता आणि नवरोज त्याच्या दुसऱ्याच दिवशी. ज्यांची फारसी नावे ‘सीन’, म्हणजे ‘स’, या अक्षराने सुरू होतात अशा सात वस्तू त्यात मांडतात : सफरचंद, लसूण, सिरका, सुमाक, सेंजेदची सुकी फळे, अंकुरलेल्या गव्हाचे गोड ‘समनू’ आणि ताटलीत रुजवलेले हिरवेगार गव्हाचे तृण. नवरात्रात घटाभोवती रुजवलेले धान आणि ही ताटली यांत मला काहीच फरक दिसला नाही. बोटभर वाढलेल्या त्या तृणाला लाल फीत बांधलेली होती, आणि एक लहान मुलगी त्यावरून हळूच तळहात फिरवत होती. तिला कोणीही हटकले नाही. शेजारच्या अफगाण स्टॉलवर गाजर-मनुका घातलेला काबुली पुलाव आणि सुका मेवा होता. बदाम, पिस्ता, अंजीर, जर्दाळू ही नावे आपण आणि ते जवळजवळ सारखीच उच्चारतो, हे तिथल्या विद्यार्थिनीला माझ्याआधीच ठाऊक होते. डिसेंबर २०२२ पासून तिच्या देशात मुलींना विद्यापीठाचे दार बंद आहे. ती मात्र इथे दुसऱ्या वर्षाला आहे, आणि तिच्या स्टॉलवरचा हिशेब सर्वांत चोख होता.

रंगमंचावरच्या कार्यक्रमाविषयी मला इतके चांगले लिहिता येत नाही. नर्तकांची तयारी उत्तम होती, परंतु ध्वनिक्षेपकाचा आवाज असह्य होता आणि निवेदन फारच उथळ होते. ‘आता एक आफ्रिकन नृत्य’ ही घोषणा तीनदा झाली. चौपन्न देशांच्या खंडाची अशी एका शब्दात बोळवण करणे विद्यापीठाला शोभत नाही. मला सर्वाधिक वाईट वाटले ते मॉरिशसच्या विद्यार्थ्यांच्या वेळी. मध्ये मृदंग आणि झांजा, पायांत चाळ, आणि भोवती फेर धरून नाचणारी मुले पाहताच माझ्या मागे बसलेले रत्नागिरीकडचे एक गृहस्थ उठून उभे राहिले आणि म्हणाले, “अहो, ही आपली जाखडी!” ती जाखडीच होती. १८३४ नंतर ऊसमळ्यांसाठी करारावर मजूर म्हणून जे हजारो लोक हिंदुस्थानातून मॉरिशसला गेले, त्यांत कोकणातली मराठी माणसेही होती, आणि त्यांच्या वंशजांनी ती तिथे ‘झाकरी’ या नावाने जपली. गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये आजही सार्वजनिक सुटी असते. पुण्यातल्या रंगमंचावर, मराठी प्रेक्षकांसमोर, समुद्रापलीकडून परत आलेली जाखडी ‘मॉरिशसचे लोकनृत्य’ एवढ्याच शब्दांत उरकली गेली. दोन मिनिटांचे निवेदन नीट लिहिले असते तर सगळे प्रेक्षागृह त्या गृहस्थांसारखे उठून उभे राहिले असते.

आणखी एक गोष्ट मला खटकली आणि ती किरकोळ नाही. मैदानाच्या एका बाजूला ‘आपला भारत’ अशी कमान होती आणि तिच्याखाली पंजाब, गुजरात, केरळ, बंगाल यांचे स्टॉल होते. मणिपूर आणि नागालँडचे स्टॉल मात्र समोरच्या बाजूला, परदेशी रांगेच्या शेवटी लावलेले होते. जागा कमी पडली असे कारण दिले गेले. नागालँडच्या विद्यार्थ्यांनी स्वतःच कागदावर ‘आम्हीही भारतीय आहोत’ असे मराठीत लिहून तो टेबलाला चिकटवला होता. ज्या मुलांना या शहरात घर भाड्याने घेताना वारंवार ‘तुम्ही कुठल्या देशाचे’ असे विचारले जाते, त्यांच्यावर विद्यापीठाच्या आवारातही हे लिहिण्याची वेळ यावी, हे अक्षम्य आहे. आयोजकांनी त्यांची जाहीर क्षमा मागायला हवी.

सोयींबाबत थोडक्यात सांगायचे तर स्वच्छतागृहे स्वच्छ होती, पिण्याचे पाणी भरपूर होते आणि ज्येष्ठांसाठी खुर्च्या होत्या. कूपनांची एकच खिडकी असल्याने दुपारी एक ते तीन या वेळात अर्धा-पाऊण तास रांगेत जातो. पदार्थांच्या साहित्याचा खर्च विद्यार्थ्यांनी स्वतः करायचा आणि कूपनांची रक्कम त्यांना नंतर मिळायची, अशी पद्धत असल्याचे मला तीन स्टॉलवर सांगण्यात आले. महिन्याच्या खर्चाचा हिशेब ठेवून राहणाऱ्या मुलांकडून आधी पैसे घालून घेणे योग्य नाही, आगाऊ रक्कम दिलीच पाहिजे.

सहा वाजता स्टॉल आवरण्याची सूचना झाली, आणि सूर्यास्त पावणेसातच्या सुमारास होता. म्हणजे ज्यांनी दिवसभर वाढले त्यांना जेवायच्या वेळी मैदान सोडायचे होते. तेव्हा जे घडले ते कार्यक्रमपत्रिकेत कुठेच नव्हते. सुदानच्या मुलांनी पातेली उचलून मैदानाबाहेरच्या वडाच्या पारावर नेली, येमेनच्या मुलांनी खजुराची खोकी आणली, आणि मघाची स्वयंसेवक मुलगी चार मैत्रिणींना घेऊन पाण्याच्या बाटल्या वाटू लागली. सुरक्षारक्षक आले, त्यांनी पाहिले आणि जवळचा दिवा तेवढा लावून दिला. कोणाच्या तरी मोबाइलवर अजान झाली. रोजा सोडणे आणि उपवास सोडणे यांना आपल्या भाषेत एकच क्रियापद आहे, हे माझ्या तेव्हा प्रथमच ध्यानात आले. इथिओपियाची मुलगी आपले काळे भांडे घेऊन आली आणि उरलेल्या कॉफीची तिसरी फेरी तिने तिथे वाटली. मला काकू म्हणणाऱ्या मुलाने पहिला खजूर आणि पाणी झाल्यावर आपल्याच पातेल्यातले वांगे चाखले, आणि माझ्याकडे पाहून मीठ ठीक असल्याची मान डोलावली.

पुढील वर्षी जाणार असाल तर अकरालाच पोहोचा, कूपने सुरुवातीलाच एकदम घ्या, रंगमंचापासून दूर बसा आणि इथिओपियाच्या कॉफीसाठी तासभर हाताशी ठेवा. महोत्सव पुन्हा रमजानमध्येच आला, तर येताना खजुराचे एक खोके घेऊन या आणि सहानंतर वडाच्या पाराकडे चला.