काउंट ओलाफ आधी पानावर भेटावा की पडद्यावर?

गेल्या काही महिन्यांत ओळखीतल्या तीन पालकांनी मला एकच प्रश्न विचारला. 'अ सिरीज ऑफ अनफॉर्च्युनेट इव्हेंट्स' या पुस्तकमालेतली बोदलेअर भावंडांची गोष्ट मुलांना पुस्तकातून द्यावी, की सरळ नेटफ्लिक्सवर लावून द्यावी? तिघांच्याही मनात आणखी एक शंका होती, ती त्यांनी जरा चाचरत विचारली: तीन पोरक्या मुलांच्या मागे हात धुऊन लागलेल्या दुर्दैवाची, आणि त्यांच्या पैशावर टपलेल्या काउंट ओलाफची गोष्ट दहा-अकरा वर्षांच्या मुलाला द्यावीच का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापुरतं पक्कं आहे: जरूर द्यावी. माझ्या आईला हे पटलं नव्हतं. "भरल्या घरात पोरक्या मुलांच्या गोष्टी कशाला?" असं ती पहिल्याच रात्री म्हणाली. पण याच आईने आम्हाला लहानपणी लेकीकडे निघालेल्या म्हातारीची गोष्ट सांगितली होती. वाटेत वाघ तिला खायला टपलेला असतो आणि ती भोपळ्यात बसून निसटते. भीती आणि हसू एकाच घासात देणं आपल्या गोष्टींना नवीन नाही. 'अ सिरीज ऑफ अनफॉर्च्युनेट इव्हेंट्स' तेच करते, फक्त तेरा पुस्तकं सलग करते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर आमच्या घरी काय झालं ते सांगावं लागेल. माझी मुलगी दहा वर्षांची असताना आम्ही पहिलं पुस्तक हातात घेतलं. रात्री एक प्रकरण, मी इंग्रजी वाचत मराठीत सांगायचं, असं ठरलं. प्रत्येक पुस्तकात तेरा प्रकरणं, शेवटच्यात एक जास्तीचं चौदावं. म्हणजे एकूण १७०. मधल्या आजारपणाच्या आणि पाहुण्यांच्या रात्री धरून आम्हाला आठ महिने लागले. त्याच सुमारास बहिणीच्या मुलाने, तो मुलीपेक्षा वर्षाने मोठा, आपल्या घरी नेटफ्लिक्सची मालिका सुरू केली होती. मे महिन्याच्या सुट्टीत तो आमच्याकडे राहायला आला आणि दोन्ही वाटा एकाच खोलीत येऊन मिळाल्या. मला जे काही कळलं ते या दोन मुलांकडे पाहून.

आधी मालिकेच्या बाजूने बोलतो, कारण तिच्यात जीव ओतलेला आहे. २०१७ ते २०१९ या काळात तीन पर्वं आली, एकूण २५ भाग. एका पुस्तकाला दोन भाग आणि शेवटच्या पुस्तकाला एकच, अशी वाटणी असल्याने घाई जाणवत नाही. लेमनी स्निकेट या नावाने पुस्तकं लिहिणारे डॅनियल हँडलर स्वतः या मालिकेच्या लेखनात होते, आणि ते संवादांत कळतं. पॅट्रिक वॉरबर्टन यांचा निवेदक स्निकेट दृश्याच्या मधोमध येऊन उभा राहतो आणि शांत आवाजात पुढचं वाईट सांगून जातो. ही कल्पना मला फार आवडली. नील पॅट्रिक हॅरिस यांचा ओलाफ गातो, वेषांतरं करतो, स्वतःच्या अभिनयावर खूश असतो. दुसऱ्या पुस्तकात मुलांना सांभाळणारे माँटीमामा तर पडद्यावर पुस्तकापेक्षाही लोभस वाटतात. ती भूमिका करणारे आसिफ मांडवी मुंबईत जन्मलेले, हे कळल्यावर माझ्या आईनेही तो भाग पुन्हा लावायला सांगितला.

आणखी एक प्रामाणिकपणे कबूल करायला हवं. चौथं, लाकडाच्या गिरणीचं पुस्तक पडद्यावर जास्त चांगलं उतरलं आहे. तिथे मुलांना मजुरीच्या जागी कूपनं आणि जेवणाच्या जागी च्युइंगम मिळतं. प्रसंग जबरदस्त, पण वाचताना पुस्तक मध्येच बसकण मारतं. बरेच वाचक याच ठिकाणी थांबतात असं मी पाहिलंय. नवा पालक, ओलाफचं नवं सोंग, मुलं ओरडून सांगतात, मोठी माणसं ऐकत नाहीत, बँकेतले मिस्टर पो रुमालात खोकतात. तोच साचा पुन्हा. ही तक्रार रास्त आहे. माझं म्हणणं एवढंच की पाचव्या पुस्तकापर्यंत कळ काढावी. निवासी शाळा, खेकड्यांनी भरलेली अनाथांची झोपडी आणि बोदलेअरना पहिल्यांदाच मिळालेले मित्र, इथून गोष्ट वळण घेते. सातव्यानंतर तर साचा मोडूनच पडतो. मुलांना पालकच उरत नाहीत, आणि जगण्यासाठी तीच सोंगं घेऊ लागतात, तीच खोटं बोलू लागतात. आपण ओलाफसारखे तर होत नाही ना, हा प्रश्न त्यांना पडतो. मुलांच्या पुस्तकात हा प्रश्न इतक्या गंभीरपणे विचारलेला मी क्वचित पाहिलाय.

आता त्या मे महिन्यातल्या रात्रीकडे येतो, कारण माझा कौल तिथेच ठरला.

आम्ही दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटाशी होतो. पहिलं पुस्तक संपलं तेव्हा मुलगी माझ्या दंडाला बिलगून म्हणाली होती, "मग आता त्यांना कोण आहे?" मी म्हटलं, "ते तिघं एकमेकांना आहेत." ती बराच वेळ गप्प होती. दुसऱ्या रात्रीपासून ती तिघांतल्या थोरल्या व्हायोलेटने केस रिबिनीने बांधले की सावरून बसायची, कारण केस बांधले म्हणजे व्हायोलेट काहीतरी शोधून काढणार. मधला क्लाउस पुस्तक उघडायचा तेव्हा तिचा श्वास खाली बसायचा. बाहेरून मदत नाही हे तिने मनातून मान्य केलं होतं, म्हणून या तिघांची प्रत्येक युक्ती तिला मोलाची वाटत होती.

भाचा बाजूच्या गादीवर पडून ऐकत होता. तो सहज म्हणाला, "अगं, एवढी घाबरतेस काय? त्यांचे आईबाबा जिवंत आहेत. येतायत ते."

त्याची यात काहीच चूक नव्हती. मालिकेत सुरुवातीच्याच भागांत एक जोडपं दिसतं. कुठेतरी अडकलेलं, मुलांकडे परतायला धडपडणारं. मालिका त्यांना नुसतं 'आई' आणि 'बाबा' म्हणते. शिवाय मिस्टर पोंची सेक्रेटरी गुप्त संघटनेची निघते, ती पडद्यामागून सूत्रं हलवत राहते. ही बाई पुस्तकांत नाहीच. त्या जोडप्याचं खरं काय, ते मालिका पहिल्या पर्वाच्या शेवटाकडे उलगडते आणि ते इथे सांगून मी तुमची मजा घालवणार नाही. पण भाचा तिथवर पोचला नव्हता. त्याने जे पाहिलं होतं तेच सांगितलं.

मुलीने त्यानंतर रोज विचारायला सुरुवात केली. "बाबा, आज येतील का ते?" तिसऱ्या पुस्तकात विचारलं, चौथ्यात विचारलं. ती व्हायोलेटकडे बघायची थांबली आणि दाराकडे बघू लागली. मला त्या आठवड्यांत फार वाईट वाटलं, आणि मालिकेवर रागही आला, तो आजही पुरता गेलेला नाही.

पुस्तकात आई-वडिलांबद्दल आपल्याला मुलांपेक्षा जास्त काही कळत नाही. गुप्त संघटनेची तीन आद्याक्षरं पहिल्यांदा कानावर पडतात ती पाचव्या पुस्तकाच्या अगदी शेवटी, म्हणजे पासष्टाव्या प्रकरणात. तोवर आपणही त्या तिघांसारखेच अंधारात असतो. आई-वडील जळालेल्या घरात गेले, मोठी माणसं ऐकत नाहीत, धाकट्या सनीचे, त्या बाळाचे, दात आणि दादा-ताईची अक्कल एवढीच शिदोरी. मालिका प्रेक्षकाला पहिल्यापासून माडीवर नेऊन बसवते. तिथून खाली धडपडणारी मुलं दिसतात, पण त्यांच्या शेजारी उभं राहता येत नाही. मोठ्यांना हे रहस्य आवडेल, मलाही प्रेक्षक म्हणून आवडलं. पण ही गोष्ट पोरकेपणाची आहे, आणि कुणीतरी वाटेवर आहे हे माहीत असताना पोरकेपण कळत नाही. कदाचित तुमच्या मुलाला तो दिलासा हवासाही वाटेल. फार हळव्या, किंवा नुकतंच घरातलं कुणी गमावलेल्या मुलासाठी मी कदाचित मालिकाच आधी लावीन, तीही शेजारी बसून.

दुसरी गोष्ट भाषेची. स्निकेट मध्येच थांबून शब्द समजावतात, 'या शब्दाचा इथे अर्थ असा की' म्हणत. काही वाचकांना हे शिकवणीसारखं वाटतं. मोठ्याने वाचलं की ते वाटणं जातं, असा माझा अनुभव आहे. पहिल्या पुस्तकात शब्दशः आणि लाक्षणिक यांतला फरक सांगताना आनंदाने उड्या मारण्याचं उदाहरण आहे. ते मराठीत जसंच्या तसं बसलं. पुढचे दोन दिवस मुलगी घरभर विचारत होती, 'हातावर तुरी देणे' म्हणजे खरंच तूर देतात का, 'पोटात गोळा आला' तर तो कुठे दिसतो. दुसऱ्या पुस्तकात विजेच्या उपकरणांशी खेळू नका हे बजावताना 'कधीही' हा शब्द पानभर पुन्हा पुन्हा येतो. सहाव्यात मुलं अंधाऱ्या विहिरीसारख्या पोकळीत पडतात तेव्हा पानं नुसती काळी छापली आहेत. काळं पान उलटताना मुलीने हात मागे घेतला होता. पडद्यावर अंधार रोजच होतो, त्याने हात मागे जात नाही.

सर्वांत कठीण गेलं तिसरं पुस्तक. जोसेफाइनमावशीला शेगडीपासून दाराच्या मुठीपर्यंत सगळ्याची भीती, प्रेम फक्त व्याकरणावर. तिच्या चिठ्ठीत मुद्दाम केलेल्या चुका असतात आणि त्या चुकांतून क्लाउस निरोप शोधतो. हे इंग्रजी स्पेलिंग मराठीत कसं सांगणार? एका रात्री मुलं झोपल्यावर मी मराठीत नवी चिठ्ठी रचली. त्यात पाच शब्द ऱ्हस्व-दीर्घात चुकवले, 'हेतू'चं 'हेतु' आणि 'पाणी'चं 'पाणि' अशा धर्तीवर, आणि त्यांची आद्याक्षरं जोडली की 'गुहेत पाहा' निघावं अशी सोय केली. दुसऱ्या दिवशी मुलगी आणि भाचा लाल पेन घेऊन ती तपासत बसले. मालिकेत हा प्रसंग भाच्याने आधी पाहिलेला होता, तरी 'हेतु' त्यालाच आधी सापडला. शुद्धलेखनावरून त्या दोघांना एवढं खूश झालेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

तुम्हाला इंग्रजीतून मराठीत सांगत वाचणं जमणार नसेल आणि मूल अजून इंग्रजी सलग वाचत नसेल, तर हा हिशेब बदलतो हे मान्य. ऑडिओबुकही आहेत. बहुतेक टिम करी यांनी वाचलेली, तिसरं ते पाचवं खुद्द हँडलर यांनी. लांबच्या प्रवासात छान, पण काळी पानं आणि ब्रेट हेलक्विस्ट यांची चित्रं तिथे मिळत नाहीत. २००४ चा जिम कॅरीचा चित्रपट मी सुरुवात म्हणून सुचवणार नाही. नेपथ्य देखणं आहे, रंगभूषेचं ऑस्करही त्याला मिळालं, पण पहिली तीन पुस्तकं एकत्र कालवली आहेत आणि पहिल्याचा शेवट उचलून सर्वांच्या शेवटी नेलाय.

त्या शेवटाबद्दल एक सूचना. पहिल्या पुस्तकात ओलाफ पैशासाठी चौदा वर्षांच्या व्हायोलेटशी नाटकाच्या मिषाने खरं लग्न लावायचा घाट घालतो. मालिकेत तो प्रसंग रंगमंचाच्या धांदलीत हसतखेळत निघून जातो. पानावर तो थांबतो. मुलीने विचारलं, "चौदाव्या वर्षी लग्न लावतात?" माझ्या आजीचं लागलं होतं. ते मी तिला त्या रात्री सांगितलं आणि प्रकरण पुढे गेलं नाही. आम्ही पणजीबद्दल बोलत राहिलो. अशा रात्रीसाठी वेळ हाताशी ठेवा.

शेवटाविषयी वाचकांत उघड दोन तट आहेत. गोष्टीत सगळे ज्याच्या मागे असतात त्या साखरेच्या भांड्यात काय होतं, हे पुस्तक कधीच सांगत नाही, मालिका सांगते. तेरा पुस्तकं वाचून उत्तर मिळालं नाही म्हणून चिडलेले वाचक मला भेटलेत, आणि त्यांचं चिडणं समजू शकतो. मुलीने मात्र स्वतःची उत्तरं काढून एक वही भरली. नंतर आम्ही मालिका पूर्ण पाहिली तेव्हा तिथलं उत्तर ऐकून ती म्हणाली, "माझं तिसरं जास्त चांगलं होतं." ते तिसरं मीही वाचलंय आणि मला तिचं म्हणणं पटतं.

तेव्हा क्रम विचाराल तर आधी पुस्तकं, निदान पहिली पाच; मग मालिका निवांत बघा, तेव्हा तिच्यातली कारागिरी जास्त दिसेल. एकदम संच घेऊ नका. पहिलं पुस्तक कुणाकडून तरी मागून आणा आणि फक्त पहिलं प्रकरण वाचा. ढगाळ दिवस, निर्मनुष्य किनारा, धुक्यातून चालत येणारे मिस्टर पो आणि त्यांनी आणलेली बातमी. तिथे पुस्तक मिटा आणि काही बोलू नका. आमच्याकडे त्या रात्री मुलगी गप्प होती. पुढच्या आठवड्यात सनीला पिंजऱ्यात घालून मनोऱ्याबाहेर टांगलं तेव्हा स्वयंपाकघरातून लसूण सोलता सोलता आजीने हाक मारली, "अरे, त्या बाळाला काढलं का रे खाली?"