गूगल वर्कस्पेस की मायक्रोसॉफ्ट ३६५: ऑफिसचा मेल क्लाउडवर नेण्याआधी

एक्स्चेंज सर्व्हर, म्हणजे ऑफिसातच चालणारा मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर, याच्या २०१६ आणि २०१९ या दोन्ही आवृत्त्यांचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्यांच्या सर्व्हर रूममध्ये तो अजून चालू आहे, त्यांना त्यावरून हलणं भाग आहे. ज्यांचा मेल वेबसाइटच्याच होस्टिंगवर सीपॅनेलमध्ये (होस्टिंग सांभाळायच्या वेब पॅनेलमध्ये) आहे, त्यांचंही फार वेगळं नाही. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले आहेत. शेअर्ड होस्टिंगच्या एकाच आयपीवर (सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या पत्त्यावर) शेजारचा कुणी स्पॅम पाठवत असेल, तर आपलं कोटेशनही ग्राहकाच्या स्पॅममध्ये जाऊन पडतं.

पुढचं सगळं साधारण वीस ते दोनशे माणसांच्या ऑफिसला धरून लिहिलं आहे: एमआयडीसीतला कारखाना, सीए फर्म, पतसंस्था, डीलरशिप. किती जीबी, किती जणांची मीटिंग, ही माहिती गूगल आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांच्या साइटवर मिळते आणि दरही सारखे बदलतात. त्यावर १८ टक्के जीएसटी धरा आणि पुढे चला. शाळा, कॉलेज किंवा नोंदणीकृत ट्रस्ट असेल, तर दर बघण्याआधी दोन्हीकडच्या शैक्षणिक आणि ना-नफा योजना तपासा. पात्र संस्थांना मूळ सेवा फुकट मिळू शकते.

गूगलची बाजू आधी मांडतो, कारण ती भक्कम आहे. जीमेलचा शोध आजही सगळ्यात चांगला आहे. चार वर्षांपूर्वीची परचेस ऑर्डर पार्टीच्या नावातला एखादा शब्द टाकला तरी सापडते. अ‍ॅडमिनचं सगळं काम एकाच कन्सोलमध्ये होतं, आणि नव्या माणसाला शिकवावं लागत नाही कारण त्याच्या फोनमध्ये जीमेल आधीपासून असतं. एकाच शीटमध्ये पाच जणांनी एकाच वेळी लिहिणं गूगलवर जितकं सहज होतं, तितकं एक्सेलमध्ये माझ्या पाहण्यात अजून होत नाही. मायक्रोसॉफ्टकडे अ‍ॅडमिन सेंटर वेगळं, एक्स्चेंजचं वेगळं, टीम्सचं वेगळं, शेअरपॉइंटचं वेगळं, लॉगिन आणि सुरक्षेचं आणखी वेगळं. एखादं बटण कुठे आहे हे शोधण्यातच वेळ जातो, आणि सापडलेलं बटण काही महिन्यांनी जागा बदलतं. त्यात आउटलुक दोन झालेत, जुनं आणि नवं. जुन्या पीएसटी फाइल्स (आउटलुकने कंप्युटरवर साठवलेला मेल) किंवा अ‍ॅड-इनवर काम अडणाऱ्यांनी निदान सध्या तरी जुनंच ठेवावं.

मराठी कागदपत्रांचा मुद्दा बाहेरच्या तुलनांमध्ये येत नाही, पण आपल्याकडे तो येतोच. सभेची इतिवृत्तं, परिपत्रकं, ठराव, नोटिसा: वीसेक वर्षांचं हे लिखाण बऱ्याच संस्थांत श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या फॉण्टमध्ये आहे. गूगल डॉक्समध्ये आपला फॉण्ट चढवता येत नाही, त्यामुळे अशी फाइल उघडली की रोमन अक्षरांची खिचडी दिसते. कंप्युटरवरच्या वर्डमध्ये फॉण्ट बसवलेला असेल तर ती नीट उघडते. तरीही केवळ यावरून निर्णय घेऊ नये. ड्राइव्हमधली फाइल कंप्युटरवरच्या वर्डमध्ये उघडायची सोय गूगल देतं. आणि मायक्रोसॉफ्टच्या बिझनेस बेसिक या योजनेत फक्त ब्राउझर आणि मोबाइलवरचं वर्ड मिळतं, कंप्युटरवरचं हवं तर बिझनेस स्टॅण्डर्ड घ्यावं लागतं. खरा उपाय म्हणजे रोज लागणारे नमुने युनिकोडमध्ये बदलून घेणं. तो दोन्हीकडे सारखाच आहे.

माझं पारडं झुकलं ते एका बारीक वाटणाऱ्या गोष्टीवरून: सामाईक पत्त्यांवरून.

आपल्या ऑफिसांत मेल माणसाच्या नावावर कमी आणि खात्याच्या नावावर जास्त येतो. इन्फो@, अकाउंट्स@, परचेस@, स्टोअर्स@, डिस्पॅच@. बँकेला, जीएसटी पोर्टलला, मोठ्या ग्राहकाच्या व्हेंडर नोंदणीत हेच पत्ते दिलेले असतात. माणूस बदलतो, पत्ता तोच राहतो. आणि एकेका पत्त्यावर दोन-तीन माणसं एकत्र काम करतात. त्यांना तीन गोष्टी कळायला हव्यात: कोणता मेल आला, त्याला कुणी उत्तर दिलं, आणि काय दिलं.

गूगलमध्ये याचे तीन मार्ग आहेत आणि तिन्हींत कुठे ना कुठे अडतं.

पहिला मार्ग एलियासचा, म्हणजे त्याच खात्याला जोडलेल्या जादा पत्त्याचा. एका खात्याला तीसपर्यंत एलियास फुकट मिळतात. पण सगळा मेल एकाच माणसाच्या इनबॉक्समध्ये जातो. तो रजेवर गेला की परचेस थांबलं.

दुसरा ग्रुपचा. परचेस@ नावाचा ग्रुप करायचा आणि तिघांना सदस्य करायचं. इथे प्रत्येकाला स्वतंत्र प्रत जाते. एकाने वाचलं हे दुसऱ्याला कळत नाही आणि उत्तर ज्याने दिलं त्याच्याच सेंटमध्ये राहतं. परचेस@ या पत्त्यावरून उत्तर जावं म्हणून प्रत्येकाला आपापल्या जीमेलमध्ये 'सेंड मेल अ‍ॅज' बसवावं लागतं. घाईत ते निवडायचं राहिलं की उत्तर स्वतःच्या नावाने जातं आणि पुढचा सगळा पत्रव्यवहार त्या एका माणसाकडे वळतो. ग्रुपचा 'कोलॅबरेटिव्ह इनबॉक्स' चालू केला तर मेल कुणाकडे सोपवला, काम झालं की नाही, हे दिसतं. पण त्यासाठी जीमेल सोडून ग्रुप्सच्या वेगळ्या पानावर जावं लागतं, आणि दिवसभर दुसरा टॅब बघत बसणारा माणूस अकाउंट्समध्ये सापडणं कठीण.

ग्रुप केलाच, तर दोन सेटिंग्ज न विसरता बघा. एक, 'कोण पोस्ट करू शकतं' यात बाहेरच्यांना परवानगी द्या. नाहीतर ग्राहकाचा मेल परत जातो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. दोन, स्पॅमचा संशय आलेले मेल ग्रुपच्या प्रलंबित यादीत अडकू शकतात. ती यादी कुणाच्याच जीमेलमध्ये दिसत नाही, कुणीतरी मुद्दाम जाऊन उघडावी लागते. नव्या पार्टीची पहिली चौकशी नेमकी तिथे अडकते.

तिसरा मार्ग म्हणजे परचेस@ साठी वेगळं पैसे भरून खातं घ्यायचं आणि ते इतरांना डेलिगेट करायचं, म्हणजे त्यांच्याच लॉगिनमधून ते उघडायची परवानगी द्यायची. तिन्हींत हाच सगळ्यात चांगला चालतो. पण आठ-दहा सामाईक पत्ते असले की तितकी जादा लायसन्स दरवर्षी भरायची. ती वाचवायला, किंवा डेलिगेशन माहीतच नसल्यामुळे, बहुतेक ठिकाणी एकच पासवर्ड तिघांत फिरतो. टू-स्टेप व्हेरिफिकेशन एका फोनवर बांधलेलं असतं. तो फोनवाला गोडाउनमध्ये असला की बाकीचे ओटीपीसाठी फोन करत बसतात, आणि मग कंटाळून कुणीतरी टू-स्टेपच बंद करून टाकतं. अकाउंट्सच्या पत्त्यावर हे घडणं फार धोक्याचं आहे, कारण बँक खातं बदलल्याचे खोटे मेल नेमके तिथूनच सुटतात.

मायक्रोसॉफ्टमध्ये शेअर्ड मेलबॉक्स ५० जीबीपर्यंत लायसन्सशिवाय मिळतो. वापरणाऱ्या माणसांकडे स्वतःचं लायसन्स असलं की पुरे. अ‍ॅडमिन सेंटरमध्ये मेलबॉक्स बनवायचा आणि सदस्य घालायचे. साधारण तासाभरात तो त्यांच्या जुन्या आउटलुकमध्ये डाव्या बाजूला आपोआप दिसू लागतो. पासवर्ड नाही, ओटीपी नाही. प्रत्येक जण आपल्याच लॉगिनने आत येतो. वाचलेला मेल सगळ्यांना वाचलेला दिसतो, उत्तर दिलेल्या मेलवर बाणाची खूण दिसते. माणूस नोकरी सोडून गेला की त्याचं नाव काढायचं, बस.

यातही बसवताना तीन गोष्टी कराव्या लागतात. शेअर्ड मेलबॉक्समधून गेलेलं उत्तर मुळात पाठवणाऱ्याच्याच सेंटमध्ये राहतं; मेलबॉक्सच्या सेटिंगमध्ये 'सेंट आयटम्स'ची प्रत ठेवण्याचा पर्याय चालू केला की ते सगळ्यांना दिसतं. शेअर्ड मेलबॉक्सच्या मागेही एक युजर खातं असतं, त्याचं साइन-इन ब्लॉक करा. आणि एका मेलबॉक्सवर पंचवीसच्या वर माणसं घालू नका, त्यापुढे आउटलुक अडखळतं. मेलबॉक्स मोठा असेल तर तो प्रत्येकाच्या कंप्युटरवर उतरतो, म्हणून हार्ड डिस्कवर जागा आहे का ते आधी बघा.

हीच सोय सोडून जाणाऱ्या माणसाच्या वेळी उपयोगी पडते. मायक्रोसॉफ्टमध्ये आधी त्याचा मेलबॉक्स शेअर्डमध्ये बदलायचा, मग लायसन्स काढायचं. क्रम उलटा करू नका आणि युजर डिलीट करू नका. जुना पत्रव्यवहार राहतो, नव्या माणसाला तो वाचता येतो, लायसन्स दुसऱ्याला देता येतं. गूगलमध्ये खातं डिलीट केलं तर वीस दिवसांच्या आत परत आणता येतं, त्यानंतर नाही. मेल ठेवायचा तर लायसन्स चालू ठेवा, किंवा कमी दराचं आर्काइव्ह्ड युजर लायसन्स घ्या, किंवा मेल दुसऱ्या खात्यात हलवा. जिथे सेल्सची माणसं वर्षाला बदलतात, तिथे हा फरक बिलात जाणवतो.

म्हणून माझं मत मायक्रोसॉफ्टकडे झुकतं, पण प्रत्येकाने तेच घ्यावं असं नाही. जिथे सामाईक पत्ता जेमतेम एखादा आहे, माणसं बहुतेक फोनवरूनच काम करतात आणि एक्सेलमध्ये मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) नाहीत, तिथे गूगलच घ्यावं. उगाच पाच अ‍ॅडमिन सेंटर्स गळ्यात घेऊ नयेत. झोहोचाही विचार जरूर करावा. केंद्र सरकारच्या ईमेलचं काम त्यांच्याकडे गेल्यापासून चौकशी वाढली आहे, आणि फक्त मेल हवा असेल तर ते स्वस्तही पडतं. मला मात्र बाहेरच्या ग्राहकांशी एक्सेल आणि टीम्सवर होणारी देवाणघेवाण जास्त महत्त्वाची वाटली.

निवड कुठलीही करा, हलवताना अडचणी त्याच येतात.

सर्वात आधी मेल पाठवणारी यंत्रं आणि सॉफ्टवेअर यांची यादी करा: स्कॅन करून मेल करणारं झेरॉक्स मशीन, टॅलीतून जाणारी बिलं, हजेरीचं मशीन, वेबसाइटचा चौकशी फॉर्म. नुसता युजरनेम-पासवर्ड देऊन लॉगिन करणं गूगलने बंद केलं आहे. तिथे टू-स्टेप चालू करून सोळा अक्षरी अ‍ॅप पासवर्ड घ्यावा लागतो, किंवा ऑफिसचा स्थिर आयपी देऊन एसएमटीपी रिले (मशीनचा मेल पुढे पाठवणारी गूगलची सेवा) वापरावा लागतो. मायक्रोसॉफ्टमध्येही सिक्युरिटी डिफॉल्ट्स (तयार सुरक्षा सेटिंग्ज) चालू असले की जुन्या मशीनचं लॉगिन चालत नाही. मशीनचा मेल फक्त ऑफिसमधल्याच पत्त्यांवर जात असेल, तर तिथे पासवर्डशिवाय 'डायरेक्ट सेंड' (मशीनने मेल थेट मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला देणं) चालतं. हे हलवायच्या आधी ठरवलं नाही तर सोमवारी सकाळी पहिली तक्रार स्कॅनरचीच येते.

मग प्रत्येक कंप्युटरवर पॉप (मेल कंप्युटरवर उतरवून घेणारी पद्धत) आहे की आयमॅप (मेल सर्व्हरवरच ठेवणारी) ते बघा. पॉप असेल आणि सर्व्हरवर प्रत ठेवलेली नसेल, तर जुना मेल फक्त त्या कंप्युटरवरच्या पीएसटीत आहे. सर्व्हरवरून हलवायला काहीच नाही. आयमॅपने आणलं तरी कॉन्टॅक्ट्स आणि कॅलेंडर येत नाहीत, ते वेगळे एक्सपोर्ट करा. मायक्रोसॉफ्टच्या आयमॅप मायग्रेशनमध्ये एका मेलबॉक्समधून पाच लाख आयटम आणि मुळात ३५ एमबीपर्यंतचाच मेल येतो. ड्रॉइंग जोडलेले मोठे मेल त्यामुळे मागे राहतात.

डीएनएसमधला (डोमेनच्या नोंदींमधला) टीटीएल, म्हणजे जुनी नोंद किती वेळ लक्षात ठेवली जाते तो काळ, दोन दिवस आधी ३०० सेकंदांवर आणा. सीपॅनेलमध्ये तो बहुधा १४४००, म्हणजे चार तास असतो. सगळे युजर, एलियास आणि सामाईक पत्ते नव्या जागी तयार असल्याशिवाय एमएक्स (मेल कुठल्या सर्व्हरवर यायचा ती नोंद) बदलू नका. एमएक्स शुक्रवारी संध्याकाळी बदला, शनिवारी उरलेला मेल पुन्हा एकदा ओढा. त्याच वेळी सीपॅनेलमध्ये 'ईमेल राउटिंग' उघडून 'लोकल'चं 'रिमोट' करा. हे राहिलं तर वेबसाइटच्या फॉर्मवरची चौकशी जुन्याच सर्व्हरवरच्या इनबॉक्समध्ये जमत राहते. एरर कुठेच येत नाही, बाकीचा मेल नीट येत असतो, त्यामुळे महिनाभर कुणाला कळतही नाही.

एसपीएफची (आपल्या नावाने कुणी मेल पाठवायचा हे सांगणारी) नोंद एकच ठेवा. जुनी तशीच ठेवून नवी जोडली की दोन होतात आणि दोन्ही निकामी ठरतात. जे जे मेल पाठवतात ते सगळे एकाच ओळीत घ्या आणि ती तपासताना लागणारे डीएनएस लुकअप (डीएनएसमधल्या चौकश्या) दहाच्या वर जाऊ देऊ नका. डीकिम (मेलवरची डिजिटल सही) गूगलमध्ये डीएनएसमधल्या एका टीएक्सटी (मजकुराच्या) नोंदीने होतं. २०४८ बिटची ती चावी २५५ अक्षरांत मावत नाही, म्हणून काही डोमेन पॅनेलमध्ये ती दोन अवतरणांत तोडून द्यावी लागते. मायक्रोसॉफ्टमध्ये दोन सीनेम (दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणाऱ्या) नोंदी टाकून मग पोर्टलमध्ये डीकिम चालू करावं लागतं. नुसत्या नोंदी टाकून भागत नाही. डीमार्क (तपासणीत नापास मेलचं काय करायचं हा नियम) आधी 'नन'वर, म्हणजे काहीच न करण्यावर, ठेवून रिपोर्ट वाचा. त्यात टॅली, वेबसाइट आणि न्यूजलेटर असे सगळे पाठवणारे पास होताना दिसले की 'क्वारंटाइन'वर जा. 'रिजेक्ट'ला आणखी काही आठवडे थांबा. तोवर जुनं होस्टिंग बंद करू नका.