प्राँगहॉर्नची शिकार: सीझन उघडताच जावं की गर्दी ओसरल्यावर?

प्राँगहॉर्न म्हणजे अमेरिकेतल्या माळावरचं हरणासारखं जनावर. वायोमिंग राज्यात ते मारायचा टॅग, म्हणजे एका जनावराचा परवाना, ड्रॉमध्ये (सोडतीत) लागला की पुढचा प्रश्न रजेचा. ऑफिसातून चार दिवस सुटणार, ते टाकायचे कधी? सीझन उघडतो त्या दिवशी, की दहा-बारा दिवस जाऊ देऊन? ड्रॉचा निकाल जूनमध्ये लागतो आणि दर जूनला मला यावरून एखाददुसरा फोन येतो. कोलोरॅडोतल्या आपल्या मंडळींत बंदुकीचा नाद असलेले चार-दोन आता निघायला लागलेत. मी स्वतः तीनदा पहिल्या दिवशी गेलो आहे आणि चारदा नंतर. एवढ्याच भांडवलावर हे लिहितोय, त्यामुळे घ्यायचं ते घ्या. रायफल कुठली आणि गोळी किती ग्रेनची यात शिरत नाही. टॅग काढलेल्या माणसाचं त्यावर मत ठरलेलं असतं आणि ते बदलायच्या भानगडीत पडू नये.

तिकडे प्रत्येक हंट एरियाची, म्हणजे शिकारीच्या विभागाची, तारीख वेगळी. रायफलचा सीझन बहुतेक ठिकाणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत कधीतरी उघडतो. धनुष्यवाले १५ ऑगस्टलाच मोकळे होतात. पाणवठ्याशेजारी तंबूत दिवसभर उकडत बसायची ज्याची तयारी असेल त्याने तेही जरूर करावं. माझी नाही.

पहिल्या दिवसाची बाजू आधी मांडतो, कारण ती लंगडी नाही. उन्हाळाभर त्या जनावरांना कुणी त्रास दिलेला नसतो. रस्त्यापासून तीनशे यार्डांवर ती निवांत चरत असतात. त्यात सप्टेंबरचा उत्तरार्ध म्हणजे त्यांच्या माजाचा काळ. नर आपल्या माद्या हाकण्यात आणि दुसऱ्या नराला पळवण्यात इतका गुंतलेला असतो, की एरवी मैलभरावरून माणूस टिपणाऱ्या त्या डोळ्यांना तुम्ही चक्क दिसत नाही. खोटा नर उभा केला तर त्याच्या अंगावर धावून येतात, हे मी पाहिलेलं आहे. आणि चांगली शिंगं पहिल्या दोन-तीन दिवसांतच उचलली जातात, हेही खरं.

तरी मी आता पहिल्या दिवशी जात नाही. कारण एकच आहे आणि ते ऐकायला फुटकळ वाटेल. गाडीचं दार.

माझी दुसरी खेप. शर्ली बेसिन, कॅस्पर शहराच्या दक्षिणेला तासाभरावर. उजाडायच्या आधी माळावर चहूकडे हेडलाइट फिरत होते, आळंदीच्या वाटेवर दिसावेत तसे. उजाडल्यावर जिकडेतिकडे शिकाऱ्यांच्या सक्तीच्या शेंदरी टोप्या. (२०१७ पासून गुलाबीही चालते, पण त्या सकाळी तरी मला शेंदरीच दिसल्या.) आठच्या सुमारास एका टेकाडापलीकडे एक नर आणि पाच माद्या बसलेल्या सापडल्या. अंतर सातशे यार्डांच्या आसपास, वारा माझ्या तोंडावर. कोरड्या ओघळीतून वाकून गेलो. ओघळ संपली तिथून रांगत, आणि शेवटचे शंभर यार्ड पोटावर. तिकडे सेजब्रशच्या झुडपांच्या बुंध्याशी बुटका निवडुंग असतो, तो कोपर टेकवल्याशिवाय दिसत नाही. दीड तास लागला. अडीचशे यार्डांच्या आत आलो, रायफलचा बायपॉड (दोन पायांचा टेकू) टेकवला, श्वास खाली बसायची वाट पाहत पडून राहिलो.

तेवढ्यात चाकोरीवरून एक पांढरी पिकअप आली. नराने मानसुद्धा वळवली नाही. चालती गाडी त्यांना चालते, रँचवाल्यांच्या गाड्या रोज बघतात ती. मग इंजिनाचा आवाज उतरला. गाडी थांबली. नराचे कान फिरले. आणि दार, धप्. सहाच्या सहा जनावरं एकदम उभी, ढुंगणावरचे पांढरे केस फुलून चकाकले, आणि मी डोळा दुर्बिणीला लावेपर्यंत क्षितिजावर धूळ. पिकअपवाल्याला माझी टोपी दिसली. त्याने ओशाळून हात केला आणि गेला. त्या बिचाऱ्याला काय बोलणार? तोही टॅगचे पैसे भरून आलेला, आणि सरकारी जमीन जितकी माझी तितकीच त्याची. पण त्याच सकाळी हे आणखी दोनदा झालं, दोन्ही वेळा गाड्या वेगळ्या, दार तसंच. माळावर माणसं किती आहेत याचं मला काही वाटत नाही. दीड तास पोटावर सरकून दुसऱ्याच्या दारापायी सावज जातं, ते मात्र माझ्याच्याने सोसत नाही.

मी मूळचा कोल्हापूरचा. संस्थानी काळात आमच्याकडे पाळीव चित्ते सोडून काळवीट धरत, त्या गोष्टी आजोबांकडून ऐकलेल्या. आता कुणी काळविटाकडे बोट दाखवलं तरी १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आठवतो, ते योग्यच आहे. प्राँगहॉर्न पाहिला की काळवीट आठवतो खरा, पण नातं काही नाही. याचे जवळचे नातलग जिराफ आणि ओकापी. ताशी ८५-९० किलोमीटर पळायची याला गरज का पडली, तर एके काळी अमेरिकेतही चित्त्यासारखं जनावर होतं म्हणून, असा एक तर्क आहे. चित्ता गेला, पळ राहिला. सांगायचं एवढंच की हे जनावर पळालं की पळालं. पाठलाग वगैरे विसरा, दुसरं शोधा.

नंतरच्या खेपांचं चित्र वेगळं. माझा साधारण हिशोब असा, की सीझन उघडल्यानंतरचा दुसरा आठवडा धरायचा, आणि त्यातही मंगळवार-बुधवार. चौथ्या खेपेला त्याच चाकोरीवर दिवसभरात दोन गाड्या दिसल्या. त्यातली एक रँचवाल्याची, मागे कुत्रं बसलेलं. मोटेलची खोली आयत्या वेळी मिळाली, तीही दोन पैसे कमी देऊन.

चालावं मात्र लागतं. पहिल्या आठवड्याचे बार ऐकून कळप रस्ता सोडून आत सरकलेले असतात. काही खाजगी जमिनीत घुसून बसतात आणि कुंपणापलीकडून तुमच्याकडे बघत रवंथ करतात. दोन-अडीच मैल आत जायची तयारी नसेल तर उशिरा जाण्यात अर्थ नाही. युनियन पॅसिफिकच्या रुळांच्या दोन्ही अंगांना वीस-वीस मैल जमीन बुद्धिबळाच्या पटासारखी वाटलेली आहे, एक चौकोन सरकारी, एक खाजगी. २०२५ मध्ये फेडरल अपील कोर्टाने कोपऱ्यावरून पाय टाकून एका सरकारी चौकोनातून दुसऱ्यात जायला मोकळीक दिली. त्याचा फायदा पायी जाणाऱ्यालाच, कारण पिकअप काही कोपऱ्यावरून उडी मारत नाही.

दुसरी अडचण डोळ्यांची. माज ओसरला की ती मोठ्या कळपात जमायला लागतात. सप्टेंबरात सहा जोड्या डोळे चुकवायचे असतात, ऑक्टोबरात चाळीस. मला त्या खेपेला दोन पूर्ण दिवस लागले. बार एकशे ऐंशी यार्डांवरून, आणि त्याआधी तीन वेळा हात हलवत परतलो होतो. पण तिन्ही वेळा चूक माझी होती, हे समाधान मोठं. एकदा वारा फिरला, एकदा मीच आकाशरेषेवर उभा राहिलो, एकदा खोकलो.

हवामानाचा जुगार आहेच. उशिराच्या चार खेपांपैकी एक पूर्ण वाया गेली. रात्री पाऊस, पहाटे बर्फ, आणि तिथली माती भिजली की आपल्या काळ्या रानात बैलगाडी रुतावी तशी चाकं बसतात. दोन दिवस मोटेलमध्ये टीव्ही बघितला. शिवाय शिंगं भिंतीवर लावायची असतील तर ऑक्टोबरच्या अखेरपर्यंत ताणू नका. शिंगावरचं कवच दर वर्षी गळतं, आणि हातात शिंग सुटून आलेला नर ही फजिती मित्र जन्मभर सांगत राहतात.

मांसाचा मुद्दा लोक मागाहून आठवतात, मी आधी धरतो. प्राँगहॉर्नचं मांस वाईट लागतं म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते उन्हात ठेवलेलं असतं, असा माझा संशय आहे. केस पोकळ असतात, अंगाची ऊब सोडत नाहीत. हात लावला की मूठभर निघतात आणि मांसाला चिकटून बसतात. तेव्हा कातडं लगेच काढायचं आणि बर्फ गाडीतच हवा. सप्टेंबरात दुपारी चांगलं ऊन असतं, माश्या असतात, पहिल्या खेपेला माझी कातडं काढतानाची घाई आठवली की अजून घाम फुटतो. ऑक्टोबरात सकाळी डबक्यावर बर्फाची साय होती आणि मी सावकाश, हात धुऊन धुऊन काम केलं. त्या खेपेच्या मांडीचं सुकं कोल्हापुरी मसाल्यात केलं होतं. घरी जेवायला आलेल्या दोघांनी ते बोकडाचं समजून दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

आता ठरवायचं कसं? रजा फक्त शनिवार-रविवारची असेल, पहिलीच खेप असेल, ओळखीच्या रँचवाल्याने आत सोडायचं कबूल केलं असेल, तर पहिल्या दिवशी जायला माझी ना नाही. खाजगी जमिनीत गाड्यांचा प्रश्नच नसतो. पूर्वेकडच्या सहज टॅग लागणाऱ्या एरियांबद्दल मात्र सावध करतो. तिथे बरीचशी जमीन खाजगी, आणि सरकारी तुकड्यांवर सगळे एकदम येतात. पश्चिमेला २०२२-२३ च्या हिवाळ्यात कळप फार मेले आणि टॅग कापले गेले, तेव्हा तिकडचे जुने अनुभव जसेच्या तसे धरू नका.

पहिल्या दिवशी गेलातच तर अंधारातच गाडी लावा, मैलभर आत चाला आणि बसून राहा. बाकीचे रस्त्यावरून कळप उठवतील, त्यातला एखादा तुमच्याकडे येईल. तारेचं कुंपण ते उडी मारून क्वचितच ओलांडतात, खालून सरपटतात. खालच्या तारेला केस अडकलेले दिसले तर तिथून दीडशे यार्डांवर जागा धरा. आणि मध्येच गाडी थांबवून दार उघडायचा मोह झाला, तर आधी समोरच्या ओघळीत एखादी शेंदरी टोपी दिसते का बघा.

माझा यंदाचा रजेचा अर्ज ऑक्टोबरचा आहे, मंगळवार ते शुक्रवार.