प्रशिक्षणाचा निधी: व्यक्तीच्या नावावर की वर्गाच्या नावावर?

अमेरिकेत 2014 च्या मनुष्यबळ कायद्यानुसार स्थानिक मनुष्यबळ मंडळे बेरोजगारांच्या प्रशिक्षणाचा खर्च उचलतात, आणि विद्यापीठांना त्यात सहभागी होण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत.

पहिला मार्ग वैयक्तिक प्रशिक्षण खात्याचा. उमेदवार रोजगार केंद्रातील समुपदेशकासमोर बसून राज्याच्या मान्यताप्राप्त यादीतून अभ्यासक्रम निवडतो आणि मंडळ त्याची फी संस्थेला देते. मात्र पेल अनुदानासारखी (कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना संघीय सरकार देते ते अनुदान) अन्य मदत मिळू शकत असेल, तर ती आधी विचारात घेतली जाते. निवडीचे स्वातंत्र्य हे या पद्धतीचे खरे बळ, पण विद्यापीठाच्या दृष्टीने अडचणही तिथेच आहे. वेल्डिंगच्या वर्गाला यंत्रे, गॅस आणि शिक्षक आधीच लागतात, विद्यार्थी मात्र एकेक करून येतात. पुरेसे आले नाहीत तर वर्ग रद्द होतो आणि आलेल्यांचीही गैरसोय होते.

दुसऱ्या मार्गात मंडळ मागणी असलेल्या व्यवसायासाठी संपूर्ण तुकडीचाच करार उच्च शिक्षण संस्थेशी करते. त्यामुळे खर्चाचा अंदाज आधी बांधता येतो आणि स्थानिक रुग्णालयाला किंवा कारखान्याला हवा तसा अभ्यासक्रम आखता येतो. उमेदवाराची निवड अर्थातच आक्रसते, म्हणूनच कायद्याने खाते हा नियम आणि करार हा अपवाद मानला आहे.

महागड्या कार्यशाळेच्या अभ्यासक्रमांसाठी मला करारच व्यवहार्य वाटतो; लेखापालनासारख्या, एरवीही चालणाऱ्या वर्गांत दोन-चार जागा भरायच्या असतील, तर खाते पुरेसे आहे.